तीन बटणांच्या बदल्या

माझ्या खुर्चीवर कुणी बसून गेलं की मला कळतं. खुर्ची दोन बोटं खाली गेलेली असते, पाठीमागची उशी सरकलेली असते आणि कीबोर्ड टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवलेला असतो. मी तो किंचित तिरका ठेवते, डावी बाजू पुढे. चोवीस वर्षं कोर्टात बसून साक्षी टाइप करतेय, माझी कुठली वस्तू कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन. घरातले याला संशयी स्वभाव म्हणतात. म्हणू देत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या नोकरीत माझं तोंड एकदा नाही, दोनदा पोळलंय.

तर त्या सोमवारी खुर्ची दोन बोटं खाली होती. खुर्ची वर केली, उशी नीट केली आणि समोर पाहिलं. समोरच्या टेबलाशी आमची धाकटी बसली होती, अगदी साळसूद चेहऱ्याने कागद लावत.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, दिराची बायको. आमचं घर एक, स्वयंपाकघर एक आणि गेल्या पाच महिन्यांपासून ऑफिसही एकच. तिला मी चिकटवली असं नातेवाइकांत बोललं जातं, ते साफ खोटं आहे. ती परीक्षा देऊन आली. बोटांना वेग आहे तिच्या, नाही कशाला म्हणू? पण सहा महिने शिकाऊ म्हणून काढायचे आणि मग साहेबांनी ठरवायचं, कायम करायचं की घरी पाठवायचं, अशी अट होती. आणि कायम करून बसवणार कुठे? मोठ्या कोर्टात टाइप करणाऱ्याची खुर्ची एकच, तीवर मी. अधीक्षक म्हणायचे, छोट्या कोर्टात जागा निघेल. निघेल, निघेल म्हणत पाच महिने गेले, जागा काही निघाली नाही. मी काय दूधखुळी आहे? हिला कायम करायचं तर मला उठवणार, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं.

आणि मला उठवायला निमित्तही तयार होतं, फक्त ते अजून कुणाला माहीत नव्हतं. माझा डावा हात.

आपल्या लिपीत टाइप करणाऱ्याला विचारा, शिफ्टशिवाय एक ओळ पुरी होत नाही. क साधा, पण ख ला शिफ्ट. ग साधा, घ ला शिफ्ट. अ, आ, इ, ई, सगळी मंडळी शिफ्टवाली. दिवसाला वीसेक पानं धरा, म्हणजे त्या डाव्या करंगळीने हजारो वेळा ताणून खाली जायचं आणि वर यायचं. त्यात कंट्रोल अगदी कोपऱ्यात, तिथवर पोचायला मनगट वाकडं करावं लागतं. वर्षभरापूर्वी करंगळीत मुंग्या यायला लागल्या, मग मनगटापासून कोपरापर्यंत ठणका. बरणीचं झाकण उघडेना. हाताच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, सगळ्यात दुबळ्या बोटावर तुम्ही सगळ्यात जास्त ओझं टाकलंय, अंगठा मात्र नुसता बसून खातोय. असंच चाललं तर वर्षभरात या हाताने पेन धरता येणार नाही.

ऑफिसात हे सांगायची सोय नव्हती. हात गेला म्हटलं की तळघरात जुन्या फायलींच्या खोलीत पाठवतात. तिथे गेलेला माणूस निवृत्तीच्या दिवशीच वर येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी ती अक्षरशः झाकून ठेवली, टेबलाखाली.

मग माझ्या लेकीने फोनवरून एक युक्ती शिकवली. कॉम्प्युटरला सांगायचं की कुठलं बटण दाबलं तर काय समजायचं. मी सरळ तीन बटणांच्या बदल्या केल्या. अंगठ्याखालचं जे आल्ट, त्याला शिफ्टचं काम दिलं. शिफ्टच्या जागी कंट्रोल आणून बसवला, म्हणजे कोपरा गाठायला नको. आणि आल्टला पाठवलं कोपऱ्यात, तसंही त्याला काम नसतं. बटणांवरची नावं जुनीच राहिली, फक्त कामं बदलली. पंधरा दिवस अंगठा चुकला, मग असा रुळला की विचारू नका. ठणका निम्म्यावर आला.

आता कोर्टाचा कॉम्प्युटर असा परस्पर बदलायला बंदी आहे, तसा नियमच लावलाय दारावर. म्हणून मी एक शिस्त ठेवली. रजा घ्यायची असली की आदल्या दिवशी तिन्ही बटणं मूळ जागी आणून जायचं, परत आले की पुन्हा बदल्या. तीन महिने कुणाला पत्ता लागला नाही.

फक्त धाकटीची नजर मला खटकत होती. घरी मी धुतलेले कपडे पिळायला घेतले की ही बादली काढून घ्यायची. राहू द्या ताई, मी पिळते. मी कप दोन्ही हातांनी धरला की तिचे डोळे कपावर. पूर्वी आठवड्यातून तीन दिवस भाजी चिरायचं काम माझ्याकडे असायचं, ते कधी तिच्याकडे गेलं मला कळलंसुद्धा नाही. आमच्या ह्यांना म्हटलं, ही माझ्यावर पाळत ठेवून आहे. हे म्हणाले, अगं मदत करतेय ती. पुरुषांना काय कळतंय! काम हातातून काढून घेणारा माणूस नेहमी मदतच करत असतो.

त्या सोमवारी खुर्ची खाली दिसली आणि बुधवारी मी अधीक्षकांच्या खोलीत सह्यांसाठी गेले, तर धाकटी तिथे उभी. दबक्या आवाजात काहीतरी सांगत होती. मला पाहिलं आणि गप्प. अधीक्षकही चष्मा पुसायला लागले. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाहेर आल्यावर मी शिपायाला चहा पाजला आणि काढून घेतलं. तो म्हणाला, धाकट्या बाई विनवत होत्या, मला सराव हवाय, मोठ्या कोर्टातला दुपारचा एक तास मला द्या.

घ्या! आज तासभर दुपार मागतेय, उद्या अख्खा दिवस मागेल. बोट दिलं की हात धरणारी माणसं मी काही आज पाहत नाही. मी त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. घरी सासूबाईंच्या लक्षात आलं, त्यांनी विचारलं, मी म्हटलं डोकं दुखतंय.

पुढच्या आठवड्यात मोठ्या कोर्टात लिफ्टच्या अपघाताचा खटला उभा राहिला. एका इमारतीची लिफ्ट कोसळून एकाचे पाय गेले होते. लिफ्टची देखभाल करणारा कारागीर साक्षीला आला. तो सांगायचा, न्यायाधीशबाई त्याचं नीट वाक्य करून मला सांगायच्या आणि मी टाइप करायची. सकाळभरात अकरा पानं झाली. जेवणाच्या सुट्टीआधी बाई म्हणाल्या, दुपारी मला बैठक आहे, साक्ष उद्या पुढे चालू. मला हायसं वाटलं, कारण दुपारी हाताच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली होती. अधीक्षकांना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि निघाले. बटणं मूळ जागी आणली नाहीत. कशाला आणू? कोर्टच नव्हतं.

बैठक रद्द झाली. अडीच वाजता कोर्ट पुन्हा बसलं आणि माझ्या खुर्चीवर धाकटीला बसवलं.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी तीन जणांच्या तोंडून कळलं, पण तिथे काय झालं असणार हे त्यांच्यापैकी कुणापेक्षाही मला जास्त कळत होतं. धाकटी टायपिंग घरीच शिकली. शाळेत शिकलेला माणूस डाव्या हाताच्या अक्षराला उजवी शिफ्ट धरतो, ही मात्र सगळ्याला डावीच धरते. माझी अकरा पानं तिच्यासमोर उघडी होती. बाईंनी पहिलंच वाक्य सांगितलं, ‘ओल एका बाजूला होती.’ म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यात. तिने ओ साठी डावी शिफ्ट दाबली. पण तिथे माझा कंट्रोल बसला होता. कंट्रोल धरून ते बटण दाबलं की सगळा मजकूर एकदम निवडला जातो. पुढे तिने ल दाबला, अकरा पानं गेली आणि तिथे एकटा ल उरला. मग एका मधला ए. कंट्रोल धरून ते बटण दाबलं की फाइल सेव्ह होते. तो एकटा ल सेव्ह झाला.

ती घाबरली, मजकूर परत आणायला तिने कोपऱ्यातला कंट्रोल धरून झेड दाबला. कुणीही तेच करेल. पण कोपऱ्यात आता आल्ट होता, काहीच झालं नाही. तिने पुन्हा पुन्हा दाबलं. बाई विचारत होत्या, काय झालं, वकील उभे राहून बघत होते. शेवटी तिने फाइल बंद केली, की पुन्हा उघडल्यावर तरी जुनी पानं येतील. ती कुठून येणार? रोजची नक्कल संध्याकाळी काढतात, आणि छापील प्रत दिवस संपल्यावर.

कारागिराला तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि पहिल्यापासून साक्ष घेतली. या वेळी तो म्हणाला, ओल होती की नव्हती, आता नक्की आठवत नाही. दोन दिवसांत त्याला कोण भेटलं देव जाणे. न्यायाधीशबाई संतापल्या. अधीक्षकांनी धाकटीला बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, मी ओ दाबला आणि पान गेलं, मशीनमध्ये काहीतरी आहे. अधीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. सोमवारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावून तुझ्यासमोरच मशीन तपासतो, दोष निघाला नाही तर मंगळवारपासून यायची गरज नाही.

त्या दिवशी गुरुवार होता. चार दिवस होते माझ्याकडे. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला वाईट वाटण्याऐवजी रागच आला. हिनेच दुपार मागितली होती ना? दुसऱ्याच्या खुर्चीचा हव्यास केला की असंच होतं, असंही मनात येऊन गेलं. मग शुक्रवारी दुसरीच शंका. हिने आधीच बटणं दाबून पाहिली असली तर? मुद्दाम घडवून आणलं असलं तर? म्हणजे मशीन तपासलं जाईल, माझी चोरी उघडी पडेल आणि खुर्ची हिची. मी हे इतकं पटवून घेतलं की शुक्रवारी रात्री मला झोपसुद्धा छान लागली.

शनिवारी सफाईवाल्या मावशी ऑफिसच्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, बाई, तुमची खुर्ची फार उंच ठेवता तुम्ही, मी डबा खायला बसते तेव्हा पाय लोंबकळतात, खाली केली तर चालते ना? मी म्हटलं चालते. तिथेच माझ्या सगळ्या हिशोबातली पहिली वीट निखळली, पण मी ती परत जागेवर ठेवून दिली. खुर्ची मावशींची असेल, दुपार तर हिनेच मागितली होती.

घरी धाकटी नेहमीसारखीच वागत होती, तेच मला सोसत नव्हतं. रडली नाही, तक्रार केली नाही. रविवारी मी कपडे धुवायला घेतले, ही आली, बादली उचलली, पिळून वाळत घातले आणि गेली. जेवायला बसलो तेव्हा मला वाटलं ती माझ्याकडे बघतेय. मी मान वर केली तर खरंच बघत होती. मी विचारलं, काय? ती म्हणाली, काही नाही ताई, तुम्ही बोलत होतात का काही? मी म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर भाऊजी, म्हणजे माझे दीर, माझ्याकडे आले. हा माणूस माझ्याकडे कधी काही मागत नाही. म्हणाले, वहिनी, तुमचं वजन आहे तिथे, साहेबांना एक शब्द टाका. तिला ही नोकरी फार मनापासून आवडलीय, रात्री झोपेत बोटं हलवते. मी म्हटलं, बघते.

काय बघितलं मी? सोमवारी सात वाजता ऑफिसात गेले. सफाई चालू होती. कॉम्प्युटर लावला आणि लेकीने लिहवून घेतलेल्या कागदावरून तिन्ही बटणं मूळ जागी आणली. पाच मिनिटांचं काम. मशीन धुतल्या तांदळासारखं स्वच्छ झालं. कागद फाडून वेगवेगळ्या टोपल्यांत टाकला. चोवीस वर्षं चोरांच्या साक्षी टाइप केल्यावर एवढी अक्कल येतेच.

साडेदहाला आम्ही चौघं माझ्या टेबलाभोवती उभे होतो. अधीक्षक, दुरुस्तीवाला, धाकटी आणि मी. दुरुस्तीवाल्याने सगळं तपासलं आणि मान हलवली, काही दोष नाही. अधीक्षकांच्या हातात एक पाकीट होतं, त्यात काय होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते धाकटीला म्हणाले, बस, तेच वाक्य टाइप कर.

ती बसली. मी श्वास रोखून उभी होते, आणि मनातून चुकीच्या बाजूची होते हेही सांगते. तिने डावी शिफ्ट दाबली. ‘ओल एका बाजूला होती.’ पडद्यावर सगळं वाक्य व्यवस्थित उमटलं, पूर्णविरामासकट. तिने ते वाचलं. मग तिने कीबोर्डकडे पाहिलं, आधी शिफ्टकडे, मग कोपऱ्याकडे, मग अंगठ्याखालच्या आल्टकडे, त्याच क्रमाने. आणि मग माझ्याकडे. फार वेळ नाही, एखादा क्षण. मग उठली आणि म्हणाली, "माझीच काहीतरी गडबड झाली असेल साहेब."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही, कारण ज्या क्रमाने तिने बटणं पाहिली तो क्रम फक्त मला माहीत असायला हवा होता.

अधीक्षक पाकीट उघडत होते. उघडता उघडता, नियमाचा माणूस, मला म्हणाले, तुमचं मशीन आहे, तुम्हीही एकदा टाइप करा, म्हणजे अहवालात दोघींची नावं लिहिता येतील.

मी बसले. वाक्य डोळ्यांसमोर होतं. सकाळी सातला मी बटणं परत आणली होती, पण अंगठा कसा परत आणणार? ओ म्हटल्यावर माझा अंगठा आपोआप आल्टवर गेला. अक्षर उमटलंच नाही, वरच्या पट्टीवर बारीक चौकोनी अक्षरं दिसायला लागली. मी ते मिटवलं, पुन्हा सुरू केलं. ए ला पुन्हा अंगठा. कसलीशी यादी उघडली. करंगळीला म्हणतेय जा, जा, पण तीन महिने आराम केलेली करंगळी जागची हलेना, आणि हलली तशी कोपरापर्यंत कळ गेली. चोवीस वर्षांची टायपिस्ट, आणि पडद्यावर ‘ल का बा’. दुरुस्तीवाला मला निरखत होता. अधीक्षक म्हणाले, अहो, तुम्हाला काय झालं?

मी काही बोलायच्या आत धाकटी पुढे झाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "ताईंना सकाळपासून बरं नाहीये साहेब. राहू द्या त्यांना."

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि आधी रागच आला पुन्हा, हिने का म्हणून मला वाचवावं? मग तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना. अधीक्षकांनी पाकिटातला कागद बाहेर काढला, खिशातून पेन काढलं, सही करायला खाली वाकले.

मी म्हटलं, "साहेब, थांबा. मशीन मी बदललं होतं. तीन महिने बदललेलं होतं, आणि आज सकाळी मी ते परत केलंय. हिचा काही दोष नाही."

मग सगळं सांगितलं. करंगळी, डॉक्टरीणबाई, दाताचं खोटं कारण, तीन बटणं. दुरुस्तीवाल्याने लगेच बसून तशीच बटणं फिरवली, ओ दाबला, आणि पडद्यावरची सगळी ओळ निवडली जाऊन निळी झाली. तो म्हणाला, असंय होय. अधीक्षकांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, नियमानुसार तुमच्यावर कारवाई होईल, चोवीस वर्षांची नोकरी बघून ती तळघरापुरती ठेवायला मी न्यायाधीशबाईंना सांगेन. पहिल्या तारखेपासून. धाकटीचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. आणि जाता जाता वैतागून म्हणाले, कमाल आहे तुमची, ही पोरगी गेल्या पंधरवड्यात दोनदा माझ्याकडे आली होती, ताईंना दुपारी त्रास होतो, तुम्ही त्यांना विचारू नका, कारण सरावाचं सांगा आणि एक तास मला द्या म्हणून. त्रास कसला, ते काही केल्या सांगितलं नाही.

आम्ही दोघीच उरलो. कोर्ट अकराला बसणार होतं. ती माझ्या टेबलावरचे कागद आवरत होती, मी उभी राहून बघत होते. सवयीने वाटलंच, खुर्चीची थोडी हौस हिलाही असणार. असेना का? आवडत्या कामाची हौस असू नये?

शेवटी मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, शुक्रवारी. सकाळी लवकर येऊन एकेक बटण दाबून पाहिलं होतं. तुमचा अंगठा वेगळा चालतो हे आधीपासून दिसत होतं, का चालतो ते त्या दिवशी समजलं.

मी म्हटलं, मग साहेबांना का नाही सांगितलंस? तीन दिवस होते.

"म्हटलं तुम्ही सांगाल," ती म्हणाली. "रोज जेवताना वाटायचं, आज सांगतील. आणि नसतं सांगितलंत तरी चाललं असतं ताई, मला दुसरीकडे मिळेल नोकरी, तुमचा हात काही दुसरा मिळणार नाही. असंच ठरवलं होतं मी." कागदांची चवड तिने टेबलावर आपटून सारखी केली. "पण आज मी ओ दाबला आणि तो नीट उमटला. म्हणजे तुम्ही सकाळी येऊन बटणं परत फिरवलीत. एवढंच सांगा मला. ते फक्त स्वतःला वाचवायला होतं, की मी खोटी पडावी म्हणूनही?"

उत्तरं बरीच होती. घाबरले होते म्हणता आलं असतं. हाताचं सांगता आलं असतं, ते खोटंही नव्हतं. ती माझ्याकडे बघत उभी होती, रविवारी जेवताना बघत होती तशीच, आणि बाहेर शिपाई कोर्टाचं दार उघडत होता.

मी म्हटलं, "तू खोटी पडावीस म्हणूनही."

तिने मान हलवली. खुर्ची मागे ओढली, आपल्या उंचीला लावून घेतली आणि बसली. न्यायाधीशबाई आत आल्या तेव्हा ती उठून माझ्या शेजारी उभी राहिली, आणि त्या बसल्यावर ती टाइप करायला बसली आणि मी पहिल्या तारखेची वाट न बघता तळघराच्या किल्ल्या मागायला गेले.